सुट्टीवर आलेल्या पाळकांचं गाव : कोडाईकनाल

मंडळीला सोडून जायचं कसं आणि कुटुंबाला सोडून राहायचं कसं? सुमारे १८० वर्षांपूर्वी हाच पेच घेऊन काही धर्मोपदेशक तामिळनाडूतला एक डोंगर चढले आणि तिथे एक गाव वसलं. आजही मे महिन्यात तोच पेच घेऊन माणसं तिथे येतात...

मे महिन्यातली शुक्रवारची रात्र. कोडाईकनालमधल्या एका साध्या विश्रामगृहात चार जणांचं कुटुंब गरमागरम रसम-भात जेवून नुकतंच उठलं होतं. बाहेर धुकं इतकं दाट, की फाटकावरचा दिवा म्हणजे नुसता पिवळा ठिपका. एवढ्यात मोबाइल वाजला. पप्पांनी 'हॅलो' म्हटलं आणि पुढचं सगळं उभ्यानंच ऐकून घेतलं. दहा वर्षांची मुलगी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. फोन संपायच्या आत ती उठली, खुंटीवरचा स्वेटर काढला, घडी घातली आणि बॅगेत ठेवू लागली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. सांगण्याची गरजही नव्हती. पाळकाच्या घरातल्या मुलांना असे फोन ओळखता येतात!

हे कुटुंब मिरजेजवळच्या एका गावातलं. पप्पा तिथल्या चर्चचे पाळक. रविवारची उपासना चालवणारा माणूस एवढीच पाळकाची ओळख बाहेरच्यांना असते. प्रत्यक्षात मंडळीतलं बारसं, लग्न, आजारपण, भांडण, परीक्षेचा निकाल आणि शेवटची माती, सगळीकडे तो लागतो. कामाची वेळ ठरलेली नाही आणि घराचं दारही बंद होत नाही. पाळकाचं घर किती जणांचं असतं आणि त्यात घरच्यांच्या वाट्याला काय उरतं, हे मराठी वाचकांना नव्यानं सांगायला नको. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या संसाराची हकिगत लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहून ठेवलीच आहे.

या कुटुंबाच्या आधीच्या दोन सहली अशाच मोडल्या होत्या. एकदा तर महाबळेश्वरला पोहोचून सामानही उघडलं नव्हतं, तोच मंडळीतल्या एका तरुणाच्या अपघाताचा निरोप आला आणि मंडळी उलट पावली घरी. या वेळी दोन वर्षं पैसे साठवले. लग्नसराईतला मोकळा आठवडा शोधला. रविवारची उपासना कोण घेणार, चर्चची किल्ली कुणाकडे, कुठल्या आजाऱ्याला कोण भेटून येणार, हे सगळं वहीत लिहून पंचांच्या हाती दिलं. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी पाळक मंडळीतल्या एका थकलेल्या आजींना भेटायला गेले होते. प्रार्थना झाल्यावर आजी म्हणाल्या होत्या, "जा बाबा, पोरांना जरा थंडी दाखवून आण."

शुक्रवारचा फोन त्याच आजींच्या घरून होता. आजी गेल्या होत्या.

आता करायचं काय? हा प्रश्न त्या रात्री त्या खोलीत उभा राहिला. पण ज्या गावात तो उभा राहिला, ते गाव मुळात याच प्रश्नातून जन्माला आलंय.

डोंगर का चढले?

अमेरिकन मिशनची माणसं श्रीलंकेतल्या जाफन्याहून मदुराईला आली ती १८३४ साली. आपल्याकडे मुंबई आणि अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) इथे काम करणारं अमेरिकन मराठी मिशन ज्या संस्थेचं, त्याच संस्थेची ही दुसरी शाखा. मदुराईचा उन्हाळा म्हणजे भट्टी. त्यात ताप, पटकी आणि हगवण. अमेरिकेच्या थंड मुलखातून आलेली तरुण जोडपी आणि त्यांची तान्ही मुलं या हवेत टिकेनात. घरात एक लहानगं तापानं फणफणलेलं आणि दारात मंडळीतला माणूस बोलवायला आलेला, अशी त्यांची अवस्था.

मिशनने आधी जवळच्या सिरुमलै टेकड्यांवर घरं बांधून पाहिली. उंची बेताची होती, पण मलेरियाचा ताप तिथेही पाठ सोडेना. मग नजर गेली त्याहून उंच पळणीच्या डोंगररांगेकडे. लेफ्टनंट वॉर्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८२१ मध्ये या डोंगरांची मोजणी केली होती. समुद्रसपाटीपासून सुमारे ७००० फुटांवर, हिरव्या कुरणांच्या आणि दाट झाडीच्या त्या पठारावर १८४५ साली मिशनची दोन घरं उभी राहिली. एकाचं नाव 'सनीसाइड', दुसऱ्याचं 'शेल्टन'. कोडाईकनाल या थंड हवेच्या गावाची ही सुरुवात!

भारतातली बहुतेक थंड हवेची ठिकाणं इंग्रज साहेबांनी वसवली. आपलं महाबळेश्वर घ्या. तिथली पेठ गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या नावानं ओळखली जायची. कोडाईचं तसं नाही. ते वसवलं धर्मोपदेशकांनी, तेही चैनीसाठी नव्हे, बायका-मुलं जगावीत म्हणून.

पण वर जायचं म्हणजे खालची मंडळी सोडून जायचं आणि हे जाणंही सोपं नव्हतं. मैदानातला प्रवास बैलगाडीनं, ऊन टाळण्यासाठी रात्रीचा. डोंगराच्या पायथ्यापासून पुढे घोडवाट. पुरुष घोड्यावर किंवा पायी, तर बायका आणि मुलं डोलीत. पुढे रेल्वे आली आणि डोंगराखाली कोडाई रोड हे स्टेशन झालं. बटलागुंडूकडून येणारा घाटरस्ता मोटारींना खुला झाला तो १९१६ साली. म्हणजे पहिली ७० वर्षं, खालून निरोप आला म्हणून लगेच उतरणं हे कुणालाच शक्य नव्हतं. एकदा वर गेलेला पाळक खरोखरच 'गेलेला' असे!

सरोवराकाठी

आज दिंडिगलहून निघालेली बस बटलागुंडू मागे टाकून घाट चढू लागली, की तासाभरात हवा बदलते. नारळ आणि केळी मागे पडतात, कॉफीचे मळे लागतात. गावाच्या अलीकडे ८ किलोमीटरवर 'सिल्व्हर कॅस्केड' धबधब्यापाशी गाड्या थांबतात. मुलं खिडकीतून हात बाहेर काढतात आणि आया बॅगेतून कानटोप्या!

कोडाईचं हृदय म्हणजे तिथलं सरोवर. चांदणीसारख्या आकाराचं, सुमारे ६० एकरांवर पसरलेलं. पण हे निसर्गानं दिलेलं नाही. मदुराईचे कलेक्टर असलेले सर व्हिअर हेन्री लेव्हिंज यांनी १८६३ मध्ये ओढ्यावर बांध घालून ते तयार करवलं. काठानं पाचेक किलोमीटरचा रस्ता आहे. त्यावर सायकली भाड्यानं मिळतात, घोडी मिळतात, भाजलेली मक्याची कणसं मिळतात आणि पाण्यात वल्ह्याच्या व पायडलच्या नावा. जवळच १९०८ सालचं ब्रायंट पार्क. गावाच्या उंच टोकाला १८९९ मध्ये सुरू झालेली सौर वेधशाळा. सूर्यावरच्या डागांमधल्या वायूंच्या हालचालीचा 'एव्हरशेड परिणाम' जॉन एव्हरशेड यांनी १९०९ मध्ये इथेच शोधला.

मिरजेचं कुटुंब गुरुवारी याच सरोवरात नावेत बसलं होतं. सात वर्षांच्या मुलानं सबंध वेळ वल्हं सोडलं नाही. पाळकांना तेव्हा शुभवर्तमानातला एक प्रसंग आठवला आणि त्यांनी तो मुलांना सांगितला. शिष्य काम करून थकले होते, त्यांना जेवायलाही सवड होईना. तेव्हा येशूनं त्यांना एकांतात जाऊन थोडा विसावा घ्यायला सांगितलं. सगळे नावेत बसून निघाले. पण लोकांनी ओळखलं आणि काठानं धावत जाऊन ते आधीच पलीकडे पोहोचले! मुलगा लगेच म्हणाला, "म्हणजे त्यांची पण सुट्टी मोडली?" यावर आई हसली आणि पप्पांनी काठाकडे बघितलं. काठावर त्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं. गुरुवारपर्यंत तरी नव्हतं.

मुलं वर, आईबाप खाली

सुट्टीचा एक महिना डोंगरावर काढून पेच सुटत नाही, हे मिशनऱ्यांना लवकरच कळून चुकलं. मुलांचं शिक्षण होतंच. अमेरिकेला पाठवलं तर वर्षानुवर्षं तोंड दिसणार नाही, खाली ठेवलं तर आजारपणाची धास्ती. यातून १९०१ साली कोडाईतच मिशनऱ्यांच्या मुलांसाठी शाळा निघाली. ती सुरू केली मार्गारेट एडी या बाईंनी. त्यांचा मुलगा शेरवूड एडी दक्षिण भारतात काम करत होता. हीच शाळा आज 'कोडाईकनाल इंटरनॅशनल स्कूल' म्हणून ओळखली जाते आणि तिच्यात देशोदेशीची मुलं शिकतात.

या शाळेचं वेळापत्रक मोठं बोलकं होतं. मोठी सुट्टी मे महिन्यात नव्हे, तर ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत. कारण त्या दिवसांत मैदानातली हवा सोसवते, मुलं आईबापांकडे खाली जाऊ शकतात. उन्हाळ्यात आईबाप वर येत. उरलेले महिने मुलं डोंगरावर आणि आईबाप मंडळीपाशी. दूरचे मिशनऱ्यांचे पालकही आपली मुलं इथे ठेवत. मंडळीची सेवा घडली, पण त्याची किंमत वसतिगृहातल्या खाटेवर झोपणाऱ्या सहा-सात वर्षांच्या पोरांनीही चुकती केली. गावातल्या जुन्या दफनभूमीत लहान लहान कबरी आहेत. ती किंमत आणखी वेगळी.

खाली कोण राहिलं?

या कहाणीला आणखी एक बाजू आहे. मिशनरी उन्हाळ्यात वर आले, तेव्हा खालच्या मंडळ्या कुणी सांभाळल्या? पटकीच्या दिवसांत माती द्यायला कोण गेलं? अर्थातच तिथले भारतीय पाळक, शिक्षक आणि शुभवर्तमान सांगणाऱ्या बायका. त्यांनाही घरदार होतं, त्यांचीही मुलं तापानं आजारी पडत होती. पण त्यांच्यासाठी डोंगरावर 'सनीसाइड' नव्हतं. डोली उचलणाऱ्यांसाठी तर नव्हतंच नव्हतं.

ही दरी एका माणसानं जगापुढे मांडली. त्याचं नाव व्ही. एस. अझरया. तिरुनेलवेलीकडच्या खेड्यातल्या पाळकाचा हा मुलगा, त्याच शेरवूड एडींचा जिवलग मित्र. १९१० साली एडिंबरोला भरलेल्या जागतिक मिशनरी परिषदेत तो उभा राहिला. मिशनऱ्यांनी या देशासाठी त्याग केला हे त्यानं मान्य केलं, पण भारतीय सहकाऱ्यांना त्यांनी बरोबरीची मैत्री दिली नाही, हेही त्यानं तोंडावर सांगितलं. सभागृहात काहींना ते झोंबलं. दोनच वर्षांनी, १९१२ मध्ये, अझरया अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले. पुढे २७ सप्टेंबर १९४७ रोजी दक्षिणेतल्या अनेक पंथांची चर्चेस एकत्र येऊन 'चर्च ऑफ साउथ इंडिया' स्थापन झालं.

खाली राहिलेल्यांवर दुहेरी भार पडला हे खरं. पण त्या भारातूनच, साहेब नसला तरी मंडळी चालते, हेही सिद्ध झालं. आज कोडाईतल्या उपासना तमिळ पाळक चालवतात आणि त्यांच्यापुढेही प्रश्न तोच असतो. मे महिन्यात सगळं गाव सुट्टीवर आलेलं आणि स्थानिक पाळकाला मात्र एक दिवसाची उसंत नाही!

शुक्रवारची रात्र, शनिवारची सकाळ

तर त्या रात्री विश्रामगृहाच्या खोलीत मुलगी बॅग भरत होती. पाळकांनी गाड्यांच्या वेळा बघायला सुरुवात केली होती. पाळकीणबाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही गेलात तर मी अडवणार नाही. आजवर कधी अडवलं नाही. पण हे सांगा, पोहोचाल कधी?"

हिशोब सरळ होता. रात्री घाटातून खाली बस नाही. सकाळी निघून दिंडिगल गाठलं आणि मिळेल ती गाडी धरली, तरी रविवार उजाडणार. माती शनिवारी सकाळी दहाला ठरलेली. उन्हाळ्याच्या दिवसांत ती थांबवणं बरं नव्हे. म्हणजे जाऊनही त्या वेळी ते तिथे नसतेच. आणि इथेही नसते.

पाळक व्हरांड्यात गेले. त्यांनी पहिला फोन शेजारच्या गावातल्या एका निवृत्त पाळकांना लावला. ते म्हणाले, "मी आहे ना! तुम्ही विचारलंत हेच बरं केलं. घरी बसून मला कोण विचारतं?" दुसरा फोन आजींच्या मुलाला. त्याच्याशी ते बराच वेळ बोलले आणि फोनवरच प्रार्थना केली. तिसरा फोन मंडळीतल्या एका शाळामास्तरीणबाईंना. संध्याकाळी आजींच्या घरी होणारी प्रार्थना त्यांनी चालवावी, असं पाळकांनी सुचवलं. बाई घाबरल्या. चारचौघांत त्यांनी कधी प्रार्थना चालवली नव्हती. "वहीत लिहून घ्या आणि वाचा," पाळक म्हणाले, "आजी तुमच्याकडून पत्र वाचून घ्यायच्या ना? तसंच."

खोलीत परत येऊन त्यांनी बॅगेतला स्वेटर काढला आणि पुन्हा खुंटीवर टांगला. मुलगी काही बोलली नाही. फक्त अंथरुणात शिरताना तिनं विचारलं, "उद्या पण इथेच?" पप्पांनी मान हलवली.

शनिवारी सकाळी सगळे 'कोकर्स वॉक'वर गेले. डोंगराच्या कड्याला लागून जाणारी ही एक किलोमीटरची पायवाट १८७२ मध्ये लेफ्टनंट कोकर यांनी आखली. आकाश मोकळं असेल तर इथून खालचं सगळं मैदान दिसतं, शेतं, तळी, गावं. त्या दिवशी धुकं होतं. दहा वाजले तेव्हा पाळकांनी घड्याळ बघितलं आणि कठड्यापाशी थांबले. चौघांनी माना खाली घातल्या. मागून फोटो काढणारी माणसं हसत-बोलत जात होती. पाच मिनिटांनी धुकं थोडं विरलं आणि खूप खाली उन्हानं चकाकणारं एक तळं दिसलं. "तिकडे किती ऊन असेल," मुलगा म्हणाला.

रविवारी त्यांनी गावातल्या तमिळ उपासनेला हजेरी लावली. भाषा कळली नाही, पण गाण्यांच्या दोन चाली ओळखीच्या निघाल्या आणि चौघांनी त्या मराठीतून हळूच गुणगुणल्या. पाळकीणबाईंच्या मात्र दुसरंच लक्षात आलं. लग्नाला बारा वर्षं झाली, पण चर्चमध्ये नवरा त्यांच्या शेजारी बाकावर बसण्याची ही पहिलीच वेळ! एरवी ते समोर व्यासपीठावर आणि त्या दोन मुलांना आवरत मागच्या रांगेत. त्या दिवशी मुलगा पप्पांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला आणि कुणी त्याला उठवलं नाही.

परतल्यावर

मंगळवारी रात्री कुटुंब घरी पोहोचलं. बुधवारी सकाळी पाळक सर्वांना घेऊन आधी आजींच्या घरी गेले. मनात धाकधूक होतीच. मंडळीत बोलणारे असतातच आणि एक-दोघं बोललेही होते, 'अशा वेळी पाळक नको का?' म्हणून. ते त्यांनी ऐकून घेतलं. ऐकून घेणं हाही कामाचाच भाग.

पण घरात वेगळंच ऐकायला मिळालं. निवृत्त पाळकांनी आजींच्या लग्नाची आठवण सांगितली होती. ते लग्न त्यांनी लहानपणी पाहिलं होतं आणि ती गोष्ट घरात कुणालाच ठाऊक नव्हती. शाळामास्तरीणबाईंचा आवाज पहिल्या दोन ओळी कापला, मग स्थिर झाला. आता गुरुवारची प्रार्थनासभा बाईंनीच घ्यावी, असं महिला मंडळात ठरतही होतं. पाळक गावात असते, तर हे दोन्ही घडलं नसतं.

निघताना आजींच्या मुलानं मुलीला जवळ बोलावलं आणि विचारलं, "काय गं, होती का थंडी? आई जाईपर्यंत विचारत होती, पोरं पोहोचली का म्हणून."

"खूप होती," मुलगी म्हणाली आणि तिनं पिशवीतून आणलेलं कोडाईच्या चॉकलेटचं पुडकं त्यांच्या हातावर ठेवलं.

कसे जाल? काय पाहाल?

कोडाईकनाल तामिळनाडूच्या दिंडिगल जिल्ह्यात आहे. जवळचं रेल्वे स्टेशन कोडाई रोड, सुमारे ८० किलोमीटरवर. जवळचा विमानतळ मदुराई, सुमारे १२० किलोमीटर. मदुराई आणि दिंडिगलहून बस मिळतात. मे २०२४ पासून न्यायालयाच्या आदेशानं बाहेरच्या वाहनांसाठी ई-पासची पद्धत सुरू झाली. त्यामुळे स्वतःच्या गाडीनं जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी चालू नियम बघून घ्यावेत.

एप्रिल-मे हा गर्दीचा हंगाम. शांतता हवी असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत जावं, मात्र गरम कपडे भरपूर घ्यावेत. सरोवर, कोकर्स वॉक, ब्रायंट पार्क, 'पिलर रॉक्स'चे उंच सुळके आणि वेधशाळा दोन दिवसांत होतात. कुरिंजी आंडवर मंदिराजवळून स्वच्छ हवेत पळणीचं मैदान दिसतं. या मंदिराला ज्या कुरिंजी फुलांचं नाव आहे, ती १२ वर्षांतून एकदा फुलतात. मागचा बहर २०१८ चा, म्हणजे पुढचा २०३० मध्ये. डोंगरावरच्या लसणाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. परतताना तो आणि घरगुती चॉकलेट आवर्जून घ्यावं.